रविवार धरून एकतीस

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

डोळे हळदीसारखे. कावीळ! डॉक्टर म्हणे, उपास-बिपास बंद, नुसतं पडून राहायचं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला त्याच दिवशी! विनयाताईने चर्चमधून कागदाच्या पुडीत राख आणली, माझ्या कपाळावर क्रूस काढला. "माती आहेस, विसरू नकोस. आता पेज पी."

जन्मात पहिल्यांदा उपास धरणार होतो, तोही प्रणालीसाठी. कॅन्टीनमध्ये वर्गातल्या रणजितचा दात पाडला, इंजिनिअरिंग कॉलेज सोडलं, त्या दिवशी ती म्हणाली होती— "पप्पा स्थळं बघतायत. ईस्टरपर्यंत थोपवते त्यांना. तोवर राग उतरव. मग ये आणि मला माग."

जेवण सोडता येत नाही ना? मग तिलाच सोडतो! ईस्टरपर्यंत फोन नाही, मेसेज नाही. तसं कळवलं. उत्तर आलं— "बरं. रविवारी तरी बोल."

परीक्षा बघते माझी!

२२ फेब्रुवारी, रविवार

तिचे तीन फोन. उचलला नाही. जिंकलो!

२७ फेब्रुवारी

ताई ऑफिसला गेली की जगतपुऱ्यातला हा फ्लॅट माझा एकट्याचा. रुळांपलीकडे मोर ओरडतात. बिनतेलाची खिचडी, पंखा, ताईने धुतलेली चादर— सगळ्याचे आभार मानावेसे वाटतात. मला! प्रार्थना कधी यायची नाही, आता पडल्यापडल्या येते. दुपारी गाढ झोपलो.

जाग आली ती मात्र धडधडत. ही शांतता माझी नाही, कुणाच्या तरी घरातून उचलून आणलीय, असं काहीतरी.

१ मार्च, रविवार

पाच फोन. ताई चर्चमधल्या मिस्साहून आली— "प्रणाली मागच्या बाकावर बसली होती, डोळे—"

"नाव काढू नकोस! उपास आहे माझा!"

कप भिंतीवर फुटला. काचा मीच वेचल्या, माफी मागितली. ताईने उरलेला चुरा पुसून घेतला. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

८ मार्च, रविवार

एकच फोन. खूप वेळ वाजला.

१५ मार्च, रविवार

फोन नाही. नुसता मेसेज. उघडला नाही. खूश व्हायला हवं होतं. बाहेर धुळीची आंधी, खिडक्या लावल्यात, तरी दातांखाली वाळू.

२० मार्च, शुक्रवार

फादर पवन मला ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी आले. मी बढाई मारली— फादर, इकतीस दिन!

त्यांनी बोटांवर मोजलं आणि हसले. "इतवार भी गिन लिए? अरे बेटा, इतवार को उपवास नहीं होता. वो तो प्रभु के जी उठने का दिन है. चालीस में इतवार आते ही नहीं."

ताई दारात उभी. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, तू मुद्दाम तोडतोयस तिला."

मेसेज उघडला. "पप्पांची बदली आली. बावीसला निघतोय. त्याआधी ये."

फोन लावला. बंद!

२१ मार्च

ताईच्या स्कूटरवर मागे बसून प्रणालीच्या क्वार्टरवर गेलो. सुभेदारसाहेब, म्हणजे तिचे पप्पा, व्हरांड्यात काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नाव-पत्ता घालत होते.

"चार रविवार पोर फोन घेऊन बसलीय. कुठे होतास?"

"उपासाला होतो, काका. मोजायला चुकलो."

"इंजिनिअर ना तू? की तेही अर्धंच?"

पूर्वीचा मी असतो तर ट्रंक लाथाडली असती. आत बघितलं— राग नव्हता! खरंच नव्हता. म्हटलं, "चूक माझीच आहे. मला प्रणालीशी लग्न करायचंय. तुम्ही म्हणाल तितकं थांबेन."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. सहा ट्रंकांवर मी त्यांचा नवा पत्ता घातला. "हात स्थिर आहे," म्हणाले.

प्रणाली चहा घेऊन आली. "डोळे अजून पिवळे आहेत तुझे." एवढंच. आत गेली.

जमलं! प्रभू, तुझे आभार. मग ती परत बाहेर का आली नाही?

५ एप्रिल, ईस्टर

पहाटे तिचा मेसेज. "पप्पांना तू पसंत आहेस. मीच नाही म्हटलं. चार रविवार तुझ्यासाठी त्यांच्याशी मी एकटी भांडले. तू आलास, तेही शांतपणे थांबायला."