बर्फाला पांघरूण

४ जानेवारी

उघडला एकदाचा रस्ता! बर्फाची मापं घेणारा — आम्ही त्याला मापवालाच म्हणतो — गोठलेल्या तळ्यात भोकं पाडून जाडी पाहून आला, आणि सकाळीच हिरवी झेंडी लावली. म्हणजे आता थंडी सरेपर्यंत हे रोज भरलेला ट्रक घेऊन पाण्यावरून जाणार. हो, पाण्यावरूनच! वर बर्फ आला म्हणून खालचं पाणी कुठे जातं?

मी देवापुढे दिवा लावला. हे मात्र लग्नाला निघाल्यासारखे खुशीत.

६ जानेवारी

पहाटे तळं ओरडलं. ताणलेल्या तारेवर काठी मारावी तसा आवाज, मग लांबवर कडकड. मी ताडकन उठून बसले.

"अगं, ओरडतोय म्हणजे बर्फ जाड होतोय. गप्प बसला की भ्यायचं. तुझ्यासारखंच!" — आणि हे कूस बदलून घोरायला लागले.

९ जानेवारी

गारठा म्हणजे किती! दाराबाहेर पाऊल टाकलं तर पापण्या एकमेकींना चिकटल्या. पायरीवर मीठ टाकलं, बर्फ ढिम्म हलेना. थंडी फार वाढली की मीठही हात टेकतं म्हणे. डिझेल गोठून मलमासारखं होतं, म्हणून ट्रक बंदच करत नाहीत. अंगणात सारखा घुरघुरतो. सासूबाई म्हणतात, "माझ्यापेक्षा त्याचीच बडदास्त जास्त."

आणि अशा थंडीत हे काचा खाली करून, पट्टा न लावता तळं ओलांडतात. का, ते विचारत नाही. माहीत आहे. वेळ आली तर उडी मारता यावी म्हणून.

१३ जानेवारी

देवा, बर्फ पडू दे. भरपूर पडू दे. रस्ता बुजला की हे घरी बसतील.

१५ जानेवारी

पडला! गुडघ्याएवढा! रस्ता बंद. हे दिवसभर घरात, नको तिथे लुडबुड करत. मी खुशीत.

दुपारी मापवाला चहाला आला, तोंड पाडून. म्हटलं, एवढा पडला, आता तळं आणखी घट्ट होईल ना?

"कसलं घट्ट, वहिनी! वर पडलेला बर्फ म्हणजे रजई. गारठा खाली उतरूच देत नाही. खालचा जाडच होत नाही. वर पुन्हा ह्याचं ओझं!"

बर्फाला बर्फाचंच पांघरूण! आणि ते मी हात जोडून मागून घेतलं. मागितलं काय, मिळालं काय.

सासूबाईंपाशी रडले. म्हणाल्या, "देव तुझं एवढं ऐकत असता, तर मला केव्हाच उचललं असतं." हसू आलं. पण नुसतं आलं, टिकलं नाही.

१८ जानेवारी

रस्त्यावरचा बर्फ यंत्राने बाजूला लोटलाय. उघडा पडला की खालचा पुन्हा जाड होईल, असं मापवाला म्हणतो. ह्या "होईल"चाच मला राग येतो! उद्या ट्रक सुरू. अगदी गोगलगाईसारखं जायचं — वेग घेतला तर बर्फाखाली पाण्याची लाट उठते, आणि तीच बर्फ फोडते. हे सगळं ह्यांनी मला जेवताना सांगितलं. हसत हसत!

२१ जानेवारी

ह्यांना उशीर. तळं गप्प. दहा वेळा दारात जाऊन आले.

हे आले! मग भांडलेच त्यांच्याशी. कशावरून, आता आठवत नाही.

२४ जानेवारी

पायरीवर घसरले. उजवं मनगट टम्म सुजलंय, म्हणून आज डाव्या हाताने लिहितेय. इस्पितळ तळ्यापलीकडे. वळशाचा रस्ता त्या दिवशीच्या बर्फाने अजून बुजलेला.

हे म्हणाले, "शेजाऱ्याच्या ट्रकमधून जा."

का? बर्फ तर तोच!

"माझ्या गाडीत नको." एवढंच. मान वर केली नाही.

मनगटापेक्षा तेच जास्त लागलं. सासूबाई कडाडल्या, "बायको आहे ती तुझी! ओझं नव्हे!"

२५ जानेवारी

शेवटी ह्यांनीच नेलं. मनगट प्लास्टरमध्ये.

तळ्याच्या मधोमध म्हणाले, "बोलत राहा गं. भीती वाटते."

म्हटलं, आज मी शेजारी आहे म्हणून?

"नाही. रोजच वाटते."