बँकॉकची टॅक्सी आणि अण्णांचा रुसवा

अहो,

मला निरोप द्यायला नको म्हणून तुम्ही मुद्दाम आत्ताच कॉफीपूड आणायला निघालात, कळतं मला. ‘अण्णा, इथे येऊन टॅक्सीवाल्यांशी भांडू नका, आम्हाला लाज वाटते,’ असं हर्षिता फोनवर म्हणाली काय आणि तुम्ही बँकॉकला यायचंच रद्द केलंत! वर आठवडाभर मला शिकवलंत, मीटर टाकल्याशिवाय टॅक्सीत पाय ठेवू नकोस, नवखी आहेस हे दाखवू नकोस. मला नाही हो ते जमायचं. मी आपली हसत बसते आणि मागेल ते देऊन मोकळी होते.

तुमची पाठ वळली आणि लेकीचाच फोन आला. काल एकाने मीटर न टाकता तिला गावभर फिरवलं आणि दुप्पट भाडं उकळलं. आता म्हणते, “अण्णांना घेऊनच ये!”

तुमची बॅग भरून माझ्याबरोबर घेतलीय, तुमचं तिकीट मी रद्द केलंच नव्हतं, ते पर्समध्ये आहे. फिल्टरमधली कॉफी स्वल्प, घोटभरच घ्या, किल्ली शेजारी भाग्यलक्ष्मीअक्कांकडे द्या आणि देवळामागे या. मी रिक्षात बसलेय. भाडं ठरवलेलं नाही, मीटरही टाकायला सांगितलेला नाही.

नीरजा