शी मास्तरांच्या नोटिशीबद्दल मोठ्या ताईस

तीर्थरूप मोठ्या ताईस, धाकट्या मिंगताचा ताइनानहून, कीलुंगकडे तोंड करून, वाकवेल तितकं वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? मी ठीक आहे. एक दाढ पडली, पण ज्या उरल्या आहेत त्यांच्यावर भागतं. इकडे उकाडा एवढा की दुपारी मांजरसुद्धा गच्चीवर जात नाही.

तुझं पत्र पोचलं. तळमजल्यावरचे, भाडं थकवलेले शी मास्तर आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सणापर्यंत निघाले नाहीत, तर तू घरातला तुझा अर्धा हिस्सा विकून मोकळी होणार, हे वाचलं. (दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.) आबांनी बांधलेल्या घरात अर्धा जिना कुणा परक्याचा होणार या कल्पनेने मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तेव्हा मी काहीच हालचाल केली नाही असं समजू नकोस. मी काय काय केलं ते सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा मी कायदा वगैरे काही न बघता खालची वीज तोडली. म्हटलं, पंखा बंद झाला की मास्तर आपोआप पैसे काढतील. पण गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप खालच्याच मीटरवर आहे, हे आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी अंगाला साबण लावून उभा आणि नळ कोरडा. शेवटी खिडकीतून हाका मारल्या, तेव्हा मास्तरच शेजारून बादली भरून वर घेऊन आले. दाराआडून म्हणाले, "मालक, आज सगळ्या गल्लीत वीज आहे, आपल्याकडेच का गेली कळत नाही." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मग मी प्रभाग कार्यालयात गेलो. तिथे बुधवारी फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई बसतात, ल्यान नावाच्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं थेट तुझ्यासारखं. वीज तोडायची नाही, कुलूप बदलायचं नाही, सामान रस्त्यावर ठेवायचं नाही. असं काही केलंत तर मास्तरांच्या आधी तुम्हीच कोर्टात दिसाल, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, दोन महिन्यांचं भाडं थकलं की काढता येतं ना? तर त्या म्हणाल्या, येतं, पण आधी त्यांनी ठेवलेली अनामत थकबाकीतून वजा करायची, आणि त्यानंतरही दोन महिन्यांचं उरलं पाहिजे. आता ताई, भाडं महिना आठ हजार आणि अनामत दोन महिन्यांची. म्हणजे तो लबाड माणूस चार महिने, पुरे बत्तीस हजार बुडवेल तेव्हा कुठे मला नोटीस पाठवायचा हक्क. (लबाड हा शब्द ठेवावा की काढावा यावर इथे बराच ऊहापोह झाला. ठेवला.) नोटिशीत पैसे भरायला मुदत द्यायची, तरी भरले नाहीत तर करार संपवायचा, तरी उठले नाहीत तर कोर्ट. त्या दिवशी थकबाकी होती सव्वीस हजार. मी हयातीत पहिल्यांदा देवाजवळ मागितलं की माझा भाडेकरू अजून थोडा बुडव्या होऊ दे.

देवाने ऐकलं. पहिली तारीख आली, चौतीस हजार झाले. मी पोस्टात निघणार तोच मास्तर हसत हसत वर आले आणि दोन हजार हातावर ठेवून गेले. बरोब्बर बत्तीस. एक पैसा कमी असता तर चाललं नसतं.

पण नोटीस म्हणजे काय साधं पत्र आहे? पोस्टाच्या चौकटींच्या कागदावर, एका चौकटीत एकच अक्षर, तीन प्रतींत. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, एक अक्षर तीन चौकटींत मावत नाही. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "आजोबा, कुणाकडून तरी लिहून आणा ना." आता या गल्लीत सुवाच्य लिहिणारं आहे कोण? चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला एकच माणूस. ताई, मला लाज वाटली, पण अडला हरी, काय करणार?

मास्तरांनी चष्मा लावला, सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "मुदत सातव्या महिन्यात संपते, मालक. तो भुतांचा महिना, ती मोकळी सुटलेली असताना नवं घर कोण धरतं? आठव्यातली तारीख घाला." मी घातली. मग त्यांनी तिन्ही प्रती अशा लिहून दिल्या की पोस्टातल्या बाईंनी शेजारणीला बोलावून दाखवल्या असत्या. मी खुशीत येऊन विचारलं, लिहिण्याचे किती? म्हणाले, "सहाशे. रोख नकोत, भाड्यात वळते करा."

मी वळते केले. वहीत लिहून सहीसुद्धा केली. एकतीस हजार चारशे. वकीलबाईंना फोन केला तर त्या आधी खूप वेळ हसल्या आणि मग म्हणाल्या की ही नोटीस आता फ्रेम करून भिंतीला लावा.

तर ताई, माझा इलाज चालत नाही, कायदाच आडवा आला आहे. राग मानू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
मिंगता

ता. क. : या पत्राचं अक्षर पाहून तुला संशय आलाच असेल. मी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं. पानाला शंभर. पंप, साबण, बादली हे सगळं लिहायलाच हवं का असं मी विचारलं, तर ते म्हणाले, वडीलधाऱ्यांना तपशिलाने कळवावं. सहा पानं झाली.

पुन्हा ता. क. : हे मी स्वतः लिहितोय, म्हणून वाकडं. मास्तर खाली भात बघायला गेलेत. येत्या पहिल्या तारखेला आठ हजार चढतील, मग कायदा आडवा येणार नाही आणि मला खरंच नोटीस पाठवावी लागेल. मला ती पाठवायची नाही. आमची ही गेल्यापासून तीन वर्षं मी दर चार दिवसांनी भाडं मागायला खाली जातो. मास्तर ताट वाढतात, मी रागावून जेवतो. तर असं कर, तुझ्या मुलाच्या नव्या दुकानाची पाटी मास्तरांना रंगवायला दे. चाळीस हजार सांगतील, घासाघीस करू नकोस. पण एकरकमी देऊ नकोस, महिना आठ हजार दे. सगळं फिटलं तर मी खाली कशाला जाऊ?