पोलिओचे थेंब आमच्या फ्रिजमध्ये

सोम. २४ ऑगस्ट १९८१, निपाणी
दवाखान्यातला फ्रिज परत बंद पडला. नर्सबाई शांताक्का दुपारी दारात. चिकोडीहून पोलिओचे थेंब यायचेत, ठेवायचे कुठं? गल्लीत फ्रिज आमचाच. मामंजी लगेच "ठेवा की!" वर म्हणे, आपल्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांची पोरंपण आणा, आमच्याच पुढच्या सोप्यात पाजा. पुण्य आयतं दारात आल्यावर सोडतील कसे!

शांताक्कानं मला बजावलं, "लई गार ऱ्हायला पायजे बघा वैनी. गरम झालं की नुसतं पाणी. बघून कळत बी न्हाय." सासूबाई तेव्हा जैन बस्तीत पूजेला गेलेल्या.

मंगळ. १ सप्टें.
थेंबांचा डबा आला, फ्रिजमध्ये ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावलेला. शांताक्का गणपतीला गावी चालली, आली की पाजणार.
माहेरून, अनगोळहून निरोप, आई घसरून पडली, हात मोडला. उद्याच्या एस.टी.नं निघते, लेकीला, पमीला घेऊन. सासूबाईंना सांगितलं, आत्ती, त्या डब्याला हात लावू नका. "मला काय करायचाय तुझा डबा?" झालं, फणकारल्या.

मंगळ. १५ सप्टें.
काल आले. पर्युषण आटोपलं. सासूबाई उपासांनी निम्म्या झाल्यात, पण चेहरा प्रसन्न. डबा होता तिथंच. गार. हे म्हणतात, "आल्या आल्या डब्याची चौकशी, माझी न्हाय." लाडात आलेत.

गुरु. १७ सप्टें.
सोपा पोरांनी भरलेला, नुसती रडारड. काशी आमच्या वखारीत तंबाखू चाळते. बाळूचं बोट धरून, तान्ही मंगल कडेवर, उंबऱ्यातच उभी. "सुई न्हाय काय न्हाय, ह्या दोन थेंबानं काय हुतंय वैनी?" म्हटलं, माझी पमीपण घेतेय की गं. पोरांचे पाय धड ऱ्हायला पायजेत ना? मग म्हणाली, "तुमच्या घरातलं हाय म्हणून पाजते हां."
पमीनं थुंकून टाकले. परत दिले. शांताक्का घसा फोडून सांगत होती, एकदा पाजून भागत न्हाय, महिन्या-महिन्यानं अजून दोनदा.

शुक्र. ९ ऑक्टो.
काशी कामावर नाही. बाळूला ताप.

सोम. १२ ऑक्टो.
बाळूचा ताप गेला. डावा पाय हलत नाही. उभा केला की चिंधीगत लोंबतो. शांताक्का बघून आली, पोलिओच म्हणाली. माझ्याशी बोलताना खाली बघत होती. काशीचं एकच, "मग पाजलं ते काय हुतं?"
शांताक्का म्हणते, एका डोसानं सगळ्यांना गुण येत न्हाय, तिन्ही व्हायला पायजेत. आणि हा रोग तोंडावाटे पोटात जातो, घाण पाण्यातनं, हातातनं. एकाला झाला म्हणजे गल्लीत फिरतोय.
जेवण गेलं नाही. पमीचे पाय सारखी हलवून बघते.

मंगळ. १३ ऑक्टो.
सासूबाई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगत होत्या. पर्युषणाच्या पर्वात घरात शिळं नको म्हणून पहिल्याच दिवशी फ्रिज रिकामा केला, बटण बंद. "फकस्त सूनबाईचा डबा आत ऱ्हायला. हात लावू नको म्हणालती न्हवं."
 पर्व संपेपर्यंत बंद, मी यायच्या आधी परत चालू, म्हणून डबा गार लागला. म्हणजे पाणी. अख्ख्या गल्लीला पाणी पाजलं. पमीलासुद्धा.

बुध. १४ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं. "गप बस. माझ्या बहिणीचं लग्न जमत आलंय. गावात बोंब झाली तर?" आणि पोरं? "पोरांचं शांताक्का बघंल." तिला कळलं तर बघेल ना! आग लागो त्या अब्रूला. सासूबाई दाराआड होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.

गुरु. १५ ऑक्टो.
दवाखान्यात जाऊन सांगून आले. शांताक्का म्हणाली, "अय्यो, वैनी!" मग म्हणाली, परत द्यायचं, सगळ्यांना, पहिल्यापासनं. अपाय काय न्हाय. सोमवारी चिकोडीहून बर्फात घालून नवे आणते. चांगले थेंब असते तर बाळू वाचला असता का? म्हणाली, "एका डोसाचा काय भरवसा?"
पण बायकांना सांगणार कोण?

शनि. १७ ऑक्टो.
सासूबाई स्वतः काशीच्या घरी गेल्या. मी मागोमाग. खाली बसून बाळूच्या पायावरनं हात फिरवला. "माझ्या हातनं झालं गं. मला ठावं न्हवतं." काशी रडली नाही. म्हणाली, "तुमचं पर्व झालं. माझ्या पोराचा पाय गेला."
येताना सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांना काय दोष देऊ? हात लावू नका म्हटलं, का ते मी सांगितलंच नव्हतं.

सोम. १९ ऑक्टो.
शांताक्का सकाळपासून सोप्यात, बर्फाचा थर्मास घेऊन. दोन शेजारणी आल्या, तेवढ्याच. वखारीच्या बायका फाटकावरनं सरळ पुढं.
पमीला पहाटेपासून ताप. शांताक्का म्हणते, उतरू दे, मग देऊ. आणि तापात सुई टोचून आणू नका, पोलिओचा ताप असला तर सुईनं पाय जायचा. हे निघालेच होते पमीला डॉक्टरकडं सुई टोचून आणायला. थांबवलं.
मघाशी काशी आली. मंगलला घेऊन. फाटकाच्या आत येईना. मला हाक मारून म्हणाली, "पमीला पाजलं का आधी?"
काय सांगू? न्हाय म्हटलं. ताप आलाय म्हटलं.  खोटं वाटलं असणार. म्हटलं, ये गं आत, हात लावून बघ. तर मंगलला घट्ट धरून तिथंच.
शांताक्का गेलीय तिच्याशी बोलायला. काशीनं एक पाऊल आत टाकलंय, खिडकीतनं दिसतंय. इकडं पमीचा पाय मांडीवर घेतला तर किंचाळली. परत लावला हात, परत तेच. एका हातानं तोंड दाबून धरलंय तिचं पदरानं. शांताक्काला हाक मारायला पाहिजे. मारली तर काशीला ऐकू जाईल, मंगलला न पाजताच परत फिरेल.