मैत्रीच्या चार दाढा

१८ नोव्हें., मंगळ.
मैत्रीच्या शाळेत दात तपासले. चिठ्ठी आली: चार दाढा किडल्या, त्यातली एक पक्की. माझी सात वर्षांची पोर. वाचून वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मागोमाग बरंही वाटलं. सापडल्या जाऊबाई.
मी साडेनऊला स्कूटीवर विष्णुपुरीला, कॉलेजच्या हापिसात. परत सहाला. शाळेची वेळ सोडली तर दिवसभर लेकरू त्यांच्या ताब्यात. चिठ्ठी दाखवली तर म्हणाल्या, दुधाचे दात हायत, पडतीलच. एक पक्की आहे म्हटल्यावर चिठ्ठी परत माझ्या हातात दिली.

२१ नोव्हें., शुक्र.
मी नुसती मम्मी. जाऊबाई 'मोठी माय'. वेणी घालायला मोठी माय, गोष्टीला मोठी माय. परवा तिचा पाय मुरगळला, मी समोर उभी, तरी हाक तिकडंच.
त्यांना मूलबाळ नाही, कळतं मला. पण म्हणून माझं घ्यायचं का? लई जळतंय आत. कुणाला सांगू, म्हणून इथं.

२३ नोव्हें., रवि.
हे नोकरीला लातूरला, आठवड्यातून एकदा येतात. आज जेवताना सगळ्यांसमोर विषय काढलाच. म्हटलं, दुपारभर गूळ-शेंगदाणे, चहात बुडवून बिस्किटं, दात राहतील कसे? जाऊबाई भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.
हे म्हणाले, मग पोरीला घेऊन लातूरलाच ये, खोली बघतो, नोकरी तिकडं शोधू. मी लगेच हो म्हटलं. मैत्रीनं विचारलं, मोठी माय पण येणार ना? ह्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

२६ नोव्हें., बुध.
दातांच्या डॉक्टरकडं. तरुण पोरगी आहे, पण नीट समजावते. म्हणाली, गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं आणि दाताला किती वेळ चिकटून राहिलं, ते बघा. आठवडाभर तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहून आणा.
घरी येऊन कागद आखला. वेळ, पदार्थ. तिसरा रकाना माझा मी वाढवला: कुणी दिलं. मुद्दाम. फ्रीजवर चिकटवला.

२९ नोव्हें., शनि.
जाऊबाई सातवी शिकलेल्या. गोल गोल अक्षर. '१०.१५ भाकरी, मेथी. १.३० वरणभात. ४.०० पेरू.' बिस्किट नाही, चहा नाही. मला वाटलं, कागदापुरतं चांगलं वागून राहिल्या. मैत्रीला बाजूला घेऊन खोदून विचारलं. म्हणाली, बिस्किट कधीमधी देते, पण खाल्लं की लगेच चूळ भरायला लावते.
माझ्या हातचं मात्र कागदावर नाही. इथं लिहिते. रोज सहाला फाटकापाशी मी तिला चॉकलेट देते. दातात बसणारं, चिकट. झोपताना आणखी एक, दात घासून झाल्यावर, माझ्याजवळ झोपावी म्हणून. दोन वर्षं झाली. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं. स्कूटीचा आवाज आला की मोठ्या मायला सोडून पळत येते. दिवसातलं तेवढंच माझं.
डॉक्टरचं बोलणं ऐकतानाच कळलं होतं.

१ डिसें., सोम.
आज चॉकलेट नेलं नाही. पळत आली, हात बघितले, पर्स बघितली, आत निघून गेली. जाऊबाईंच्या मांडीवर जाऊन बसली.
उद्या नेणार. माझी मलाच लाज वाटते. तरी नेणार.

३ डिसें., बुध.
दवाखान्यात तिघी गेलो. कागद जाऊबाईंनी पिशवीत घेतला होता. डॉक्टरनं वाचला आणि थांबली. 'रोज सहाला चॉकलेट, साडेआठला चॉकलेट. हेच नडलंय.' मी तर लिहिलं नव्हतं. वाकून बघितलं. गोल अक्षर, सगळ्या दिवसांचं एकाच पेनानं. तिसऱ्या रकान्यात: वंदना. जाऊबाईंचं नाव.
डॉक्टर त्यांना चांगलंच बोलली. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मैत्री माझ्याकडं बघून काहीतरी बोलणार, तर त्यांनी तिचा हात दाबला.
मग डॉक्टर म्हणाली, एकीनंच आत थांबा. मैत्रीनं मोठ्या मायचा पदर धरला. जाता जाता जाऊबाई हळूच म्हणाल्या, 'पोरीचा ड्रेस धुताना खिशात चॉकलेटचे कागद निघतात गं. लेकरासमोर तिच्या मायला कुणी बोलू नये.'
बाहेर बाकावर बसले. आतून मशीनचा आवाज. रडण्याचा नाही. माझ्याजवळ असती तर रडली असती.
उपकार वाटायला पाहिजेत. वाटेनात. राग आला. पोरगी तर त्यांची झालीच होती, आता माझी चूकही त्यांनीच घेतली. मला ठेवलं काय?
तेवढ्यात ह्यांचा फोन. लातूरला खोली मिळाली, रविवारी टेम्पो आणतो. आणि विचारलं, वहिनीचीच चूक निघाली ना मग? मी म्हटलं, थांबा, आवाज येत नाही. आवाज स्वच्छ येत होता. कापला फोन.
आता घरी. दोघी आत जेवून राहिल्या, मैत्रीला एकाच बाजूनं चावायला सांगितलंय. ह्यांचे तीन मिस्ड कॉल. चौथा वाजतोय.