ऐच्छिक वर्गणी आणि माझा अंगठा

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (आठांपैकी एक अंग सध्या कामातून गेलं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं).

तुमचा खोकला आणि मामींचे गुडघे यांची खुशाली कळवावी. आमच्याकडे सगळं ठीक. माझा उजवा अंगठा वाकत नाही, पण अंगठा म्हणजे काही अख्खा माणूस नव्हे, असं मी रोज सकाळी स्वतःला बजावतो. (वेताच्या खुर्च्या विणणाऱ्याच्या बाबतीत हे कितपत खरं, ते हा धंदा मला शिकवणाऱ्या तुम्हाला काय सांगायचं?)

झालं असं. स्वतःचा धंदा करून थोडकं कमावणाऱ्या माझ्यासारख्यांना सरकारी विम्याची वर्गणी सक्तीची नाही, ऐच्छिक आहे. भरली तर म्हातारपणी पेन्शन आणि आजारपणात भत्ता. नाही भरली तर त्या पैशांत घरात किराणा येतो. ही म्हणते, भरा आणि मोकळे व्हा. मला मोकळं होता येत नाही. भरली तर आजच्या घराला उपाशी ठेवतो, न भरली तर उद्याच्या म्हाताऱ्याला, आणि तो म्हातारा मीच असल्यामुळे त्याची बाजू घ्यायलाही संकोच वाटतो. सक्तीची असती तर निमूट भरून सरकारला चार शिव्या दिल्या असत्या. ऐच्छिक म्हटल्यावर शिव्या द्यायला समोर मीच उरतो.

उत्पन्न ठराविक आकड्यावर गेलं की वर्गणी सक्तीची होते, म्हणून शेवटी आपण सक्तीत बसतो का, हे विचारायला मी विम्याच्या कचेरीत गेलो. तिथे रांगेत वेताची एक खुर्ची होती, तिच्या बैठकीला मधोमध भोक आणि त्यात एक आजोबा कंबरेपर्यंत रुतलेले. ते मला बघवेना. पिशवीत सकाळच्या कामातला ओला वेत उरला होता. आजोबांना उठवलं, गुडघ्यांवर बसलो आणि विणायला घेतलं. (कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. ऐच्छिक.) अंगठा महिनाभर कुरकुरत होताच, शेवटचा पट्टा ताणताना त्यात कट्‌कन आवाज आला आणि त्याने कायमचा संप पुकारला. म्हणजे मामा, अंगठ्याचा विमा उतरवावा की नाही हे विचारायला गेलो आणि तिथेच, फुकटात, अंगठा ठेवून आलो.

खिडकीतल्या बाईंना मी उत्पन्न सांगितलं. त्यात न्हाव्याचं स्टूल, शेजारणीचा पाळणा अशी फुकट केलेली कामंही धरली, कारण श्रम तर झालेच होते. मग विचारलं, आत्ताची तुमची खुर्चीही धरायची का?

बाई म्हणाल्या, "काका, इथे लोक उत्पन्न कमी दाखवायला येतात. तुम्ही वाढवायला आलात?"

"म्हणजे सक्ती होईल, असं वाटलं."

"न मिळालेल्या पैशांची सक्ती नसते. भरायची तर भरा, नाहीतर पुढच्यांना येऊ द्या."

मागचे लोक ओरडायला लागले, म्हणून भरली. एवढ्या विचारांचा निकाल शेवटी रांगेने लावला. पावती देताना बाईंनी सांगितलं की आजारपणाचा भत्ता सहा महिन्यांनंतर लागू होतो, तोवर जपा. तेव्हा तूर्त मला आजारी पडायची मुभा नाही. मी आजारी नाही.

आपला भाचा

ता. क. – तुमच्या काळी तुम्ही वर्गणी भरली नाहीत, म्हणून या वयातही विणता. त्याबद्दल मला नेहमी वाईट वाटायचं. पण परवापासून वाटतं, तुम्ही भरली असतीत तर आज पाय पसरून घरी बसला असतात आणि मी मदतीला हाक मारावी असं कोणी उरलं नसतं. दवाखान्याच्या बारा खुर्च्या दारात पडून आहेत. याल का? (असं वाटल्याची लाज वाटते. तरी या.)

ता. क. दुसरा – मामा, नमस्कार. अक्षर माझं आहे हे तुम्ही ओळखलंच असेल. त्यांना पेन धरता येत नाही. डॉक्टरकडे जात नाहीत. म्हणतात, आत्ता दाखवलं तर दुखणं आधीचं ठरेल, आणि सहा महिन्यांनी दाखवलं तर ती लबाडी होईल. मी सांगून थकले. तुमचं ऐकतात. खुर्च्या राहू द्यात, आधी यांना हाताला धरून दवाखान्यात न्या. डाव्या हाताला धरा.