चाचीच्या ओट्याखालची मशीन

उस्ताद, वाशिमला आता माझं स्वतःचं दुकान आहे. शेगड्या, गिझर, हॉटेलांच्या गॅसलाइनी, सगळं करतो, पण आताशा दमून जातो. कारंज्याच्या तुमच्या टपरीत गळती शोधायला मी काडी ओढली होती, तो दिवस आठवतो. तुम्ही मनगटावर फटका मारला. "अल्लानं नाक देल्लं, कान देल्ले, अन् तू काडी काहून ओढून राह्यला? मले जन्नतीत पाठवाची घाई हाय काय तुले?" मग साबणाचा फेस लावून बुडबुडा दाखवलात. तेव्हापासून मी आधी कान लावतो. गिऱ्हाईक काय लपवतंय तेही त्याच कानांनी ऐकू येतं. दुकान त्यावरच चाललंय.

तुम्ही गेल्यापासून चाची कारंज्याच्या घरात एकटीच राहते, आणि मागच्या मोठ्या तापानंतर तिला वासच येत नाही. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुटत राहिला, आणि ही बाजूलाच लसूण सोलत बसलेली. शेजारीण ओरडत आली म्हणून निभावलं. पुण्याहून तुमच्या मुलानं कळवलं, अम्मीला घेऊन जातो. चाची म्हणाली, "सुनेच्या सैपाकघरात पाव्हणी बनून बसू काय मी?" मग मीच मध्ये पडलो आणि गॅस ओळखणारी मशीन बसवली, ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर वर, कारण हा गॅस जड, खालीच साचतो. मुलगा म्हणाला, मशीन आहे तोवर राहू देतो.

त्या मशीनच्या पोटात कथलाच्या भस्माचा थर असतो, कायम गरम ठेवलेला. साध्या हवेत त्यातून वीज अडखळत जाते. गॅस भिडला की वाट मोकळी होते आणि भोंगा वाजतो. पण त्याला गॅस तेवढाच कळतो असं नाही. चाची मला धारेवर धरते. "झूठी हाय तुही मशीन. फोडणी देल्ली की बोंबलते, अत्तर लावलं तरी बोंबलते. तुह्या उस्तादासारखीच, जरा वास आला की घर डोक्यावर!" मग ती सैपाकापुरता प्लग काढते. मी सांगतो, चाची, थंड पडली की तिले पुन्हा तापून जाग्यावर याले वेळ लागते, तोवर तिचा भरोसा नाही. ती म्हणते, "माह्यासारखीच म्हन ना."

परवा शुक्रवारी गेलो तर चाची खुशीत. प्लग लावलेला, हिरवा दिवा चालू, शेगडीवर मिरचीची फोडणी तडतडतेय, आणि मशीन गप्प. "सुधरली पाह्य." माझ्या कानाला ते गप्प बसणं खटकलं. फोडणी उतरवली, शेगडी बंद केली, खिशातला लायटर न पेटवता मशीनसमोर दाबून नुसता गॅस सोडला. तरी गप्प. मग दिसलं, मिस्त्रीनं गळक्या सिंकची फट नुकतीच सिलिकॉननं बुजवलीय, मशीनच्या अगदी डोक्यावर. ओल्या सिलिकॉनची वाफ त्या तापल्या थरावर बसते, काचेसारखी साय धरते आणि खालचा थर आंधळा होतो. हिरवा दिवा फक्त वीज आहे एवढंच सांगतो. तेवढ्या दिव्याच्या भरवशावर चाची सैपाक करत होती, उस्ताद.

गाडीतून नवी मशीन आणून दुसऱ्या भिंतीला लावली आणि मुलाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, मग मी रविवारी येतो अन् अम्मीला नेतो." चाचीनं चहा गाळता गाळता हात थांबवला. तिला वास येत नाही, कान माझ्याइतकेच तिखट. मी म्हणालो, "थांब. दर शुक्रवारी मी सोता येऊन मशीन तपासतो." त्यानं विचारलं, "तुमी जबाबदारी घेता?" "घेतो." "मंग राहू द्या, पाहू."

चाचीनं चहात साखर दोनदा टाकली. तिच्यासाठी मी शब्द टाकला असं तिला वाटतंय, मुलालाही. हे लिहून तिला वाचून दाखवायचं मनात होतं, पण नाही दाखवणार. ती पुण्यात जास्त सुखरूप राहील हे मला कळतं. पण ती गेली तर, "काय रे, जेवला काय?" असं मला दरडावून विचारणारं दुसरं घर नाही, उस्ताद.